युवराज सिंगला झालेला कॅन्सर नेमका कोणता होता? तो बरा कसा झाला, आणि आपल्या भागातल्या पोरांनी यातून काय ओळखायचं

हिंगोली : २ एप्रिल २०११ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. वानखेडेवर धोनीने सिक्स मारला, तेव्हा समोरच्या टोकाला युवराज सिंग उभा होता. त्या वर्ल्ड कपमध्ये त्याने ३६२ धावा केल्या, १५ विकेट घेतल्या, चार वेळा सामनावीर ठरला आणि मालिकावीरही तोच झाला. पण त्या दिवसांत त्याच्या छातीत, दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, एक गाठ वाढत होती हे फार कमी जणांना माहीत आहे. तेव्हा तर ते त्यालाही माहीत नव्हतं.

युवराजच्या आजाराबद्दल मोबाईलवर बरंच काही फिरत असतं. कुणी फुफ्फुसाचा कॅन्सर म्हणतं, कुणी ब्लड कॅन्सर म्हणतं. 'अमेरिकेत गेला म्हणून वाचला, आपल्यासारख्याचं काय' हे तर दर दुसरा माणूस म्हणतो. म्हणून हा विषय एकदा नीट मांडतो. आपल्या पाचही तालुक्यांत कबड्डी आणि कुस्ती खेळणारी, पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंड मारणारी हजारो पोरं आहेत. हा आजार बहुतेक करून त्यांच्याच वयात होतो.

खोकला, उलटी, आणि तरी शतक

२० मार्च २०११, चेन्नई, समोर वेस्ट इंडीज. युवराजने ११३ धावा केल्या. त्या खेळीत तो मैदानातच वाकून उलट्या करत होता. टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिलं आणि चेन्नईचं ऊन बाधलं असं समजून सोडून दिलं. त्याने स्वतःही तेच समजून घेतलं. त्या वर्ल्ड कपच्या काळात त्याला खोकल्यातून रक्त पडत होतं, रात्री झोप लागत नव्हती, दम लागत होता. हे त्यानेच नंतर सांगितलं आहे.

इथे थोडं थांबायला हवं. खेळाडूला दुखणं अंगावर काढायची सवय लावलेली असते. दम लागला तर 'स्टॅमिना कमी पडतोय', वजन घटलं तर 'मेहनत चांगली चाललीय', दुखलं तर 'मुका मार'. साध्या माणसाने ज्या लक्षणाला घाबरून दवाखाना गाठला असता, ते खेळाडू सरावात जिरवतो. शिवाय त्याचं शरीर दणकट असल्यामुळे आजार बराच काळ दबून राहतो.

वर्ल्ड कपनंतर तपासण्या झाल्या आणि डाव्या फुफ्फुसाजवळ गाठ दिसली. सुरुवातीला ती साधी गाठ आहे, कॅन्सरची नाही, असंच घरच्यांना कळलं होतं. गोल्फच्या चेंडूएवढी साधी गाठ, असं त्याच्या आईने नोव्हेंबर २०११ मध्ये माध्यमांना सांगितलं. त्याच महिन्यात तो वेस्ट इंडीजविरुद्ध टेस्ट सामनेही खेळला. त्याचं मन खेळाकडेच ओढत होतं, समोर ऑस्ट्रेलियाचा दौरा दिसत होता. पुढे अनेक मुलाखतींत त्याने सांगितलं आहे की, गाठ हृदय आणि फुफ्फुस यांच्या मध्ये आहे, केमोथेरपी घेतली नाही तर हार्ट अटॅक येऊ शकतो, असं दिल्लीचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. नितेश रोहतगी यांनी त्याला स्पष्ट बजावलं होतं.

जानेवारी २०१२ च्या शेवटी तो उपचारासाठी अमेरिकेत गेला आणि फेब्रुवारीत बातमी जगाला कळली. तेव्हा त्याचं वय ३० होतं.

हा फुफ्फुसाचा कॅन्सर नव्हता

आजाराचं नाव होतं मेडियास्टायनल सेमिनोमा. नाव अवघड आहे, पण आत काय घडतं ते समजायला अवघड नाही.

आईच्या पोटात बाळ घडत असताना, पुढे ज्यांच्यापासून वीर्य तयार होतं अशा काही मूळ पेशी शरीराच्या मधल्या रेषेने सरकत सरकत आपल्या जागी जातात. मुलगा असेल तर ती जागा म्हणजे अंडकोषातल्या गोट्या, पुस्तकी भाषेत वृषण. कधी कधी यातल्या काही पेशी वाटेतच अडकतात, छातीत किंवा पोटाच्या मागच्या बाजूला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्यातून कॅन्सरची गाठ धरू शकते. म्हणजे युवराजची गाठ छातीत होती, पण जात अंडकोषाच्या कॅन्सरची होती. सिगारेट, तंबाखूशी तिचा संबंध नव्हता आणि फुफ्फुसाच्या नेहमीच्या कॅन्सरशीही नव्हता.

हा फरक समजणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. फुफ्फुसाचा नेहमीचा कॅन्सर पसरल्यावर हाताळायला फार अवघड जातो. सेमिनोमा मात्र केमोथेरपीपुढे लवकर विरघळणारा कॅन्सर आहे. छातीतल्या सेमिनोमाचे दहापैकी साधारण नऊ रुग्ण बरे होतात. अंडकोषातच असताना सापडला तर त्याहूनही जास्त. कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही, ते शेकडो वेगवेगळे आजार आहेत. शेजारच्या गावात कुणी घशाच्या कॅन्सरने गेलं म्हणून अंडकोषाच्या कॅन्सरवालाही जाणारच, असा हिशेब लावता येत नाही.

औषध सापडलं कसं

१९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू लांब लांब वाढायला लागले, पण त्यांची विभागणी थांबली. ही करामत विजेची नव्हती. वीज सोडायला प्लॅटिनम धातूच्या पट्ट्या वापरल्या होत्या, त्यातून द्रवात उतरलेल्या संयुगाने ते घडलं होतं. विभागणी थांबते म्हटल्यावर डोक्यात कॅन्सर आलाच, कारण कॅन्सर म्हणजे पेशींची बेलगाम विभागणी. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं.

पुढचं काम इंडियाना विद्यापीठातले डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी केलं. १९७४ मध्ये त्यांनी अंडकोषाचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या तरुणांना सिस्प्लॅटिन आणि आणखी दोन औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. त्याआधी अशा अवस्थेतले शंभरातले जेमतेम दहा वाचायचे. या उपचाराने ते प्रमाण ऐंशीच्या आसपास गेलं. कॅन्सरच्या इतिहासात एवढी मोठी उडी फार कमी वेळा बसली आहे.

युवराज याच डॉ. आइनहॉर्न यांच्याकडे, इंडियानापोलिसला गेला. त्याला केमोथेरपीच्या तीन फेऱ्या मिळाल्या. या आजारात सहसा तीन औषधं देतात, ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन. एक फेरी साधारण तीन आठवड्यांची असते. केस गेले, खाल्लेलं टिकेना, अंगात त्राण उरलं नाही. अनिल कुंबळे तिथे भेटायला गेला. मार्चच्या मध्यावर तिसरी फेरी संपली, परत येताना लंडनमध्ये सचिन भेटला, आणि ९ एप्रिल २०१२ ला युवराज भारतात उतरला.

आता 'अमेरिकेत गेला म्हणून वाचला' याचं उत्तर. ही तिन्ही औषधं जुनी आहेत, त्यांचं पेटंट कधीच संपलंय, ती भारतात बनतात आणि आपल्याकडच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयांतही हीच वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा रुग्णाला जे सलाईनमधून मिळेल, त्यात आणि युवराजला मिळालेल्या औषधात काही जातिवंत फरक नाही. पैसेवाल्याने अमेरिकेला जावं, त्याचा प्रश्न आहे. मुद्दा एवढाच की हिंगोलीच्या पोराचा रस्ता त्यामुळे बंद होत नाही.

परत मैदानात

११ सप्टेंबर २०१२, पुन्हा चेन्नई. न्यूझीलंडविरुद्ध टी-ट्वेंटी. भारत एका धावेने हरला, पण युवराजने २६ चेंडूंत ३४ केले. केमो संपून तेव्हा सहा महिने झाले होते. लगेच झालेल्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्येही तो खेळला.

सिनेमासारखं सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. केमोनंतर पहिल्यासारखी ताकद यायला वेळ लागला, संघातली जागा गेली. २०१३ मध्ये तो आणि झहीर खान, आपला श्रीरामपूरचा, असे दोघं फ्रान्समध्ये जाऊन अंग पुन्हा घडवत बसले. तिथून आल्यावर ऑक्टोबरमध्ये राजकोटला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५ चेंडूंत नाबाद ७७ निघाले. एप्रिल २०१४ मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलला २१ चेंडूंत ११ च करता आले, तर लोकांनी त्याच्या चंदीगडच्या घरावर दगड मारले. दोन वर्षांपूर्वी त्याच्यासाठी नवस बोलणारे आपणच होतो.

मग १९ जानेवारी २०१७, कटक, इंग्लंडविरुद्ध १२७ चेंडूंत १५०. एकदिवसीय सामन्यांतली त्याची ही सगळ्यात मोठी खेळी, आणि ती कॅन्सरनंतर पाच वर्षांनी आली. १० जून २०१९ ला त्याने मुंबईत निवृत्ती जाहीर केली. कॅन्सरबद्दल काम करण्यासाठी त्याने 'यू वी कॅन' ही संस्था काढली आहे.

तो एकटाच नाही. २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये शाहीन आफ्रिदीला लागोपाठ तीन सिक्स मारणारा ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू वेड आठवतो? त्याला १६ व्या वर्षी अंडकोषाचा कॅन्सर झाला होता, केमोही घ्यावी लागली होती. फुटबॉलपटू सेबास्तियन हालरला जुलै २०२२ मध्ये हाच आजार निघाला. नवा क्लब डॉर्टमुंडकडून एकही सामना खेळला नव्हता तोवर. ऑपरेशन आणि केमो करून जानेवारी २०२३ मध्ये तो मैदानात आला. ४ फेब्रुवारीला, जागतिक कॅन्सर दिनीच, त्याने क्लबसाठी पहिला गोल केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिका कपच्या फायनलला आयव्हरी कोस्टचा विजयी गोल त्याचाच.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं नावही यात येतं. १९९६ मध्ये, २५ व्या वर्षी, त्याचा कॅन्सर पोट, फुफ्फुस आणि मेंदूपर्यंत गेलेला होता, तरी तो बरा झाला. पुढे डोपिंगमध्ये सापडला आणि सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली. माणूस म्हणून त्याचं काय करायचं ते करा, पण त्याच्या उपचारातली एक गोष्ट प्रत्येक खेळाडूच्या कामाची आहे. ब्लिओमायसिनने फुफ्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून त्याला त्याऐवजी दुसरं औषध दिलं गेलं, दम शाबूत राहावा म्हणून. म्हणजे तुम्ही पळणारे, खेळणारे आहात हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. दुसरी गोष्ट, केमोआधी त्याने आपलं वीर्य गोठवून ठेवलं होतं आणि पुढे त्यातूनच त्याला मुलं झाली. केमोने मूल होण्याची क्षमता काही काळ किंवा कायमची जाऊ शकते. लग्न व्हायचं असलेल्या मुलाने हे केमोच्या आधी विचारायचं असतं. घरात हे बोलायला लाज वाटते, आणि नंतर ते सुधारता येत नाही.

आपल्याकडे कुठे चुकतं

अंडकोषाचा कॅन्सर मुख्यतः १५ ते ३५ वयात होतो. सुरुवातीला एका गोटीत कडक, न दुखणारी गाठ लागते, किंवा एक बाजू जड वाटते. दुखत नाही हीच खरी अडचण. दुखलं असतं तर माणूस गेला असता. वर जागा अशी की आईला सांगता येत नाही, वडिलांना सांगायची सोय नाही, आणि मित्राला सांगितलं तर चेष्टा. महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ करताना दोन्ही बाजू बोटांनी चाचपून बघायच्या, एवढंच काम आहे. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी किंवा खाली असणं नैसर्गिक आहे. नवीन कडक गाठ नैसर्गिक नाही. अंडकोषातल्या सगळ्याच सुजा कॅन्सरच्या नसतात, पाणी भरणं किंवा शिरा फुगणं जास्त आढळतं. सोनोग्राफीत ते लगेच कळतं. सोबत रक्ताच्या तीन तपासण्या करतात, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच.

गाठीत बाहेरून सुई घालू देऊ नका, कापून 'पू काढू' देऊ नका. या कॅन्सरचं ऑपरेशन जांघेतून करतात, अंडकोषाची कातडी कापून नाही, नाहीतर आजार पसरायची वाट मोकळी होते. लहानपणी ज्या मुलाची गोटी खाली उतरलेली नसते, त्याला पुढे हा धोका जास्त असतो. वर्षभराच्या बाळाची गोटी उतरली नसेल तर 'मोठा झाला की येईल' म्हणत बसू नये, सर्जनला दाखवावं.

छातीच्या बाबतीत आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो, आणि यायलाच हवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल किंवा रक्त पडलं असेल तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण थुंकीत काही निघालं नाही आणि तरी 'टीबीच असेल' म्हणून महिनोन् महिने गोळ्या चालू आहेत, फरक नाही, अशी वेळ आली तर छातीचा सीटी स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना तोंडाने विचारा.

तिसरी जागा गुडघा. दहा ते वीस वयाच्या मुलांत हाडाचा एक कॅन्सर असतो, तो बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास होतो. कबड्डीत लागलं, पडलो, म्हणून सूज आली असं वाटतं. फरक असा की मुक्या माराची सूज दोन-तीन आठवड्यांत ओसरते, ही वाढत जाते आणि रात्री ठणका मारते. अशा सुजेवर मालिश करून घेणं, हाड बसवणाऱ्याकडून दाबून घेणं धोक्याचं आहे. आधी एक्स-रे. मान, काख किंवा जांघेतली गाठ महिनाभर हटली नाही, सोबत ताप येतो, रात्री घाम सुटतो, वजन उतरतं, तर तेही दाखवायचं.

आणि हळद. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव काय लागतो यावर आपली घरं चालतात, त्यामुळे हळदीबद्दल वाईट बोलायची कुणाची इच्छा नाही. पण हळदीने कॅन्सर बरा होतो हा मेसेज खोटा आहे. जेवणात खा, दुधात घ्या, मात्र केमो चालू असताना हळदीच्या कॅप्सूल किंवा कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. केमोच्या काळात ताप आला तर तो साधा ताप समजू नये. अंगातली प्रतिकारशक्ती तेव्हा खाली आलेली असते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

जायचं कुठे, पैशाचं काय

पहिली पायरी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालय. सोनोग्राफी आणि एक्स-रेने संशय पक्का झाला तर नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सरच्या पूर्ण उपचारासाठी मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, आणि परळला १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल. सगळ्यांनी थेट मुंबई गाठायची गरज नसते. केमोच्या फेऱ्या दोन-अडीच महिने चालतात, पुढे काही वर्षं तपासणीला जावं लागतं, त्यामुळे जवळचं ठिकाण परवडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयांत मोफत मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. रुग्णालय योजनेत आहे का हे आधी १५५३८८ या नंबरवर फोन करून विचारा, मग शेत विकायचा विचार करा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, दोन्हीवर नाव सारखं आहे ना ते निघायच्या आधी बघा, बऱ्याच फाइली तिथेच अडकतात. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्र कुठे बसतो ते शोधायचं.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, चेअर कारला ७५ टक्के सूट, आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. हा दाखला पहिल्या भेटीतच मागून घ्या आणि त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.